दूरशिक्षणाला प्रवेश घेण्याआधीची तयारी

जुलैचं सत्र तोंडावर आलं की सांगलीतल्या आमच्या घरी कुणी ना कुणी विचारायला येतंच. कुणाला मुक्त विद्यापीठातून बीए पुरं करायचं असतं, कुणाला नोकरी सांभाळून एमकॉम. सगळे एकच विचारतात, "ह्या डिग्रीला मान्यता आहे का हो?" हा प्रश्न अर्धा आहे. मान्यता विद्यापीठाला असावी लागते, त्या अभ्यासक्रमाला असावी लागते आणि तुम्ही ज्या सत्रात प्रवेश घेताय त्या सत्रापुरतीही असावी लागते. तिन्ही जुळलं तरच पैसे भरायचे.

म्हणून पहिलं काम मोबाईलवरचं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दूरशिक्षण ब्युरोच्या (डीईबी) संकेतस्थळावर मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी असते. विद्यापीठाचं नाव दिसलं की लोक तिथंच थांबतात. तसं करू नका. नाव उघडा, आपला अभ्यासक्रम शोधा, त्यापुढचं वर्ष आणि सत्र वाचा, आणि ते पान त्याच दिवशी छापून तारखेसह फायलीत लावा. सत्रावर मी एवढा जोर देतो त्याला कारण आहे. ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या दूरस्थ अभियांत्रिकी पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ या सत्रांतल्या विद्यार्थ्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना पुन्हा परीक्षा द्यायची संधी मिळाली. २००५ नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. विद्यापीठं तीच होती, पण प्रवेशाच्या वर्षाने माणसांचं नशीब ठरवलं.

दुसरं, प्रवेश देणारं अभ्यासकेंद्र कुठल्या विद्यापीठाचं आहे ते बघा. माझ्या मावसभावाचं यातच नुकसान झालं. गावातल्याच एका गाळ्यात त्याने एमएचा प्रवेश घेतला. विद्यापीठ खरं होतं, पण ते दुसऱ्या राज्याचं. राज्य विद्यापीठाला दूरशिक्षण आपल्या राज्याच्या हद्दीतच चालवता येतं आणि केंद्र कुणाला कंत्राटाने देता येत नाही. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर त्याची गुणपत्रकं बाजूला ठेवली गेली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. दोन वर्षं रात्रपाळी करून अभ्यास केलेल्या पोराचा तो चेहरा मला अजून दिसतो. ऑनलाइन अभ्यासक्रमाला हद्दीचं बंधन नाही, पण त्याची मान्यता वेगळी असते. दूरस्थची मान्यता दाखवून कुणी ऑनलाइनचा प्रवेश देत असेल तर तिथून उठा.

आपल्याकडच्यांना लांब जायची गरजही नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं आहे. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते यशवंतराव आपल्याच देवराष्ट्र्याचे, शिकले कराडात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचंही दूरशिक्षण केंद्र आहे. नाव ओळखीचं असलं तरी यादी मात्र बघायचीच.

अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी, वास्तुशास्त्र, कायदा, शेती यांची पदवी दूरशिक्षणाने होत नाही. पीएचडीही नाही. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रही बंद झालंय. तीन वर्षांची पदवी वर्षात देतो म्हणणाऱ्याशी तर बोलूच नका.

आता डीईबी आयडी, म्हणजे दूरशिक्षण ब्युरोचा विद्यार्थ्याला मिळणारा ओळख क्रमांक. २०२४ च्या सप्टेंबरपासून तो लागतोच, आणि त्यासाठी आधी एबीसी आयडी (शैक्षणिक श्रेयांकांच्या बँकेतला आपला क्रमांक) लागतो. तो स्वतः काढा, केंद्रवाल्याच्या मोबाईल नंबरवर काढू देऊ नका. आधार, दहावी-बारावीची गुणपत्रकं आणि अर्ज यांत नाव अक्षरशः एकच हवं. लग्न झालेल्या ताईंनो, बारावीच्या गुणपत्रकावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल तर लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातल्या नावबदलाची प्रत आधीच काढून ठेवा. ऐन वेळी ती हातात येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर तिथलं मायग्रेशन (स्थलांतर) प्रमाणपत्र, जातीचा दाखला, फोटो, आणि सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स.

फीची पावती विद्यापीठाच्या नावाचीच घ्या. मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची शाई वर्षभरात उडते. माझ्याकडे अशी एक पावती आहे, तिच्यावर आता नुसता पिवळट डाग उरलाय. घरी आल्या आल्या झेरॉक्स काढा.

ज्यांची पदवी २०१३ च्या आधीची आहे त्यांनी त्या काळच्या दूरशिक्षण परिषदेच्या मान्यतेचं पत्र विद्यापीठाकडून मागून घ्यावं, कारण तेव्हा हे काम ती परिषद बघायची.

मुलाखतीला जाताना आणखी एक कागद जवळ असू द्या. यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीतला बाविसावा नियम सांगतो की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने जाहीर सूचना काढून हे पुन्हा सांगितलं. ती सूचना छापून न्या. "बाहेरून केलेली डिग्री" असं कुणी हिणवून म्हणालं तर वाद न घालता तो कागद पुढे ठेवा, तो तुमचा हक्क आहे. जाहिरातीतली बाकीची पात्रता मात्र वेगळी वाचा.

आणि शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रकावर थांबू नका. पदवी प्रमाणपत्राची फी भरा, अर्ज करा, प्रमाणपत्र हातात घ्या आणि त्यावरचं नाव तिथंच उभं राहून वाचा.