पेशींच्या जोडण्या: उत्तरपत्रिकेत आणि प्रयोगशाळेत या चुका टाळा

वडोदऱ्यातील आपली मुले घरी मराठी बोलतात, शाळेत गुजराती किंवा इंग्रजीतून शिकतात. म्हणून प्राणी-ऊतींमधील जोडण्यांची नावे येथे पुस्तकातलीच ठेवली आहेत.

सर्वाधिक गुण जातात ते गॅप जंक्शनच्या, म्हणजे शेजारच्या पेशींमध्ये लहान रेणूंची ये-जा होऊ देणाऱ्या जोडणीच्या आकृतीत. दोन पेशींमधली रेघ एका ठिकाणी खोडून तेथे बाण दाखवला, तर ती आकृती वनस्पतींच्या प्लाझ्मोडेस्माटाची (पेशी जोडणाऱ्या सूक्ष्म नळ्यांची) होते, कारण तेथे शेजारच्या पेशींचे पटल सलग असते. प्राणी-पेशींत दोन्ही पटले स्वतंत्रच राहतात, त्यांच्यात २ ते ४ नॅनोमीटरची फट असते, आणि प्रत्येक पटलातील सहा कनेक्सिन प्रथिनांचे कडे समोरच्या पटलातील तशाच कड्याशी जुळले, की आरपार मार्गिका तयार होते. तीतून आयन आणि साधारण १००० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) लहान रेणू जातात, मोठी प्रथिने जात नाहीत. शिवाय ती सदैव उघडी नसते. जखमी पेशीत कॅल्शियम वाढले की ती मिटते आणि शेजारची पेशी वाचते. उत्तरात हा मुद्दा अवश्य यावा, कारण या रचनेचे सारे मर्म त्यातच आहे.

टाइट जंक्शन ताण सोसते, असे लिहू नये. क्लॉडिन व ऑक्लुडिन या प्रथिनांनी ते पेशींमधली गळती रोखते. ताण पेलतात ती अ‍ॅड्हेरन्स जंक्शन आणि डेस्मोसोम. पहिल्याला आतून अ‍ॅक्टिनचे, तर त्वचेसारख्या ऊतीत दुसऱ्याला केराटिनचे तंतू जोडलेले असतात.

या दोन्ही जोडण्यांतील कॅडहेरिन कुळातील प्रथिनांना पेशीबाहेरचे कॅल्शियम लागते. महाराजा सयाजीराव विद्यापीठात किंवा अन्यत्र पेशीसंवर्धन शिकणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पेशींचा थर बशीवरून सुटत नसेल, तर ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराचे प्रमाण वाढवण्याची घाई करू नये. आधी कॅल्शियमविरहित द्रावणाने थर नीट धुवावा, म्हणजे ट्रिप्सिनला अडवणारा उरलासुरला सीरमही निघून जातो, आणि मग ईडीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारे रसायन) मिसळलेले ट्रिप्सिन घालावे.

हेमिडेस्मोसोम म्हणजे अर्धा डेस्मोसोम, हाही गैरसमजच आहे. त्यात इंटेग्रिन असते आणि ते पेशीला शेजारणीशी नव्हे, तर खालच्या आधारपटलाशी बांधते. हा फरक दोन त्वचारोगांत दिसतो. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये प्रतिपिंडे डेस्मोसोममधील डेस्मोग्लिनवर हल्ला करतात, त्यामुळे फोड बाह्यत्वचेच्या आत येतात आणि सहज फुटतात. बुलस पेम्फिगॉइडमध्ये हल्ला हेमिडेस्मोसोमवर होतो, म्हणून संपूर्ण बाह्यत्वचा उचलली जाऊन तिच्याखाली टणक फोड येतो.