एक्सआरएफमध्ये आर्सेनिक दिसलं की आधी शिसं बघा

शिसं असलेल्या धातुकात एक्सआरएफ (क्ष-किरणांनी सॅम्पलमधली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) कधीकधी नसलेलं आर्सेनिक दाखवतो, कारण आर्सेनिकची के-अल्फा रेष (मूलद्रव्याची ओळख पटवणाऱ्या ठरावीक क्ष-किरणांपैकी एक) 10.54 केईव्हीला (ऊर्जेचं एकक) आणि शिशाची एल-अल्फा 10.55 ला, दोन्ही एकाच पीकमध्ये येतात आणि डिटेक्टरला वेगळ्या करता येत नाहीत. रिपोर्टमधल्या आकड्यावर जाऊ नका, स्पेक्ट्रम, म्हणजे ऊर्जेनुसार पीक दाखवणारा आलेख, उघडा.

1. 12.61 ला, म्हणजे शिशाच्या एल-बीटा रेषेवर, पीक आहे का बघा. असेल तर शिसं आहे, आणि शिशाचा आकडा इथूनच घ्या.
2. आर्सेनिकसाठी 11.73 ची के-बीटा रेष निवडा. ती के-अल्फापेक्षा बरीच कमजोर असते, त्यामुळे मोजणीचा वेळ चांगला वाढवा, इथे घाई केली तर ट्रेस लेव्हलला हाती काहीच लागत नाही.
3. 11.73 ला बॅकग्राउंडच्या वर काहीच नसेल तर 10.5 चं पीक बहुतेक शिशाचंच.

मात्र सॅम्पलमध्ये ब्रोमीन असेल तर जपून, त्याची रेष 11.92 ला येते आणि शेजारच्या 11.73 च्या पीकवर चढते. आणि शिसं टक्क्यांत, आर्सेनिक पीपीएममध्ये (दहा लाखात किती भाग) असेल तर सरळ सॅम्पल आयसीपीला (प्लाझ्मा वापरून मूलद्रव्यं मोजणारी लॅब चाचणी) पाठवा, माझ्या मते तिथे एक्सआरएफशी झगडण्यात अर्थ नाही.