जॅझच्या कॉर्ड चेंजेसवर गिटार सोलो: स्केल नंतर, आधी ‘ग’ आणि ‘नी’ शोधा

जॅझवर सोलो घ्यायचा म्हटलं की बहुतेक गिटारवाले पहिल्यांदा हेच विचारतात, की यावर स्केल कुठली वाजवू. मीही तेच विचारायचो. चारेक वर्षं पेंटॅटोनिकच्या, म्हणजे पाच सुरांच्या स्केलच्या, बॉक्सेसवर काढली, रॉकमध्ये कधी काही अडलं नाही, आणि मग एकदा मित्रांबरोबर टू-फाइव्ह-वनवर, म्हणजे जॅझमध्ये सारख्या येणाऱ्या तीन कॉर्डच्या चालीवर, सोलो घेतला तर बेसवाला मित्र नंतर म्हणाला, सूर बरोबर होते रे, पण कॉर्ड कधी बदलली ते तुझ्या वाजवण्यातून कळतच नव्हतं. हे वाक्य डोक्यात बसलं. कारण जॅझच्या सोलोत खरी गंमत तीच असते, मागे कॉर्ड वाजत नसली तरी ऐकणाऱ्याला ती नुसत्या सोलोतून ऐकू यायला हवी. त्यासाठी मला जे उपयोगी पडलं ते म्हणजे इंटरव्हलचा रियाज, आणि तो कसा करायचा ते इथे जमेल तितकं सविस्तर लिहितोय. बेसिक कॉर्ड्स येतात आणि तारांची नावं माहीत आहेत एवढं धरून चालतो.

आपल्याकडे ज्यांनी लहानपणी पेटीवर किंवा गाण्याच्या क्लासला सा रे ग म केलंय त्यांचं निम्मं काम आधीच झालंय. इंटरव्हल म्हणजे सा पासून त्या सुराचं अंतर, बस. मायनर थर्ड म्हणजे कोमल ग, मेजर थर्ड म्हणजे शुद्ध ग, फिफ्थ म्हणजे प, मायनर सेव्हन्थ म्हणजे कोमल नी, मेजर सेव्हन्थ म्हणजे शुद्ध नी. फरक इतकाच की रागात सा एकदा धरला की मैफल संपेपर्यंत हलत नाही, आणि जॅझमध्ये दर कॉर्डला सा बदलतो. डी मायनर सेव्हनला डी हा सा, पुढच्या बारला (बार म्हणजे इथे चार ठोक्यांचा एक खण) जी सेव्हन आली की जी हा सा. आपण दर बारला नव्या सा चे ग आणि नी शोधायचे. हेच दोन का, तर प जवळपास सगळ्या कॉर्डमध्ये सारखाच असतो, सा बेसवाला वाजवतोच, कॉर्ड मेजर की मायनर की डॉमिनंट हे ठरतं ते ग आणि नी वरूनच. दोन्ही कोमल असले की मायनर सेव्हन, ग शुद्ध आणि नी कोमल असला की डॉमिनंट सेव्हन, दोन्ही शुद्ध असले की मेजर सेव्हन.

पहिलं काम: एकच तार, आणि मागे तानपुरा

मोबाइलवर तानपुऱ्याचं अॅप लावा, पांढरी एकवर, म्हणजे सी. आता पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला सी आहे, तिथून त्याच तारेवर पुढे जायचं. तीन फ्रेट पुढे कोमल ग, चार पुढे शुद्ध ग, सात पुढे प, दहा पुढे कोमल नी, अकरा पुढे शुद्ध नी. एक सूर वाजवा, थांबा, तानपुऱ्याशी तो कसा लागतोय ते ऐका, मग तोच सूर गळ्यातून काढा. गाणं येत नाही म्हणून ही पायरी टाळू नका, हळू गुणगुणलं तरी चालतं. बारीक कान असेल तर एक गोष्ट जाणवेल, की गिटारवरचा शुद्ध ग तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. ते तुमचं ट्यूनिंग बिघडलेलं नाही, फ्रेट सगळे सुरासुरांतलं अंतर समान धरून बसवलेले असतात त्यामुळे तसं होतं.

मग उलटं करा, आणि खरा रियाज हाच. आधी गा, मग वाजवा. सी वाजवा, कोमल नी मनात ऐका, गळ्यातून काढा, आणि मगच तेरावा फ्रेट दाबून बरोबर आलं का ते बघा. आठवडाभर रोज दहा मिनिटं एवढंच केलंत तरी कान बदलतो.

गोव्यात पॅरिश शाळांमधून संगीत शिकलेली मुलं आधी डो रे मी गाऊन सूर पक्के करायची आणि मग व्हायोलिन वगैरे हातात घ्यायची. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकन जॅझ बँड येऊन वाजवायला लागले तेव्हा ते संगीत पटकन उचलणाऱ्यांत हे गोव्याचे वादक पुढे होते, आणि पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात हेच लोक दिसतात. गळ्यात सूर असला की हातात यायला वेळ लागत नाही, एवढं मला त्यातून कळतं.

दुसरं काम: शेजारच्या तारांवरचे आकार

एका तारेवर अंतर कळतं पण सोलोत इतकं धावता येत नाही, म्हणून आता तोच ग शेजारच्या तारेवर शोधायचा. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला जी आहे. त्याचा शुद्ध ग पाचव्या तारेवर एक फ्रेट मागे, म्हणजे दुसऱ्याला, आणि कोमल ग दोन फ्रेट मागे, पहिल्याला. कोमल नी दोन तारा पलीकडे म्हणजे चौथ्या तारेवर, त्याच तिसऱ्या फ्रेटला, आणि शुद्ध नी त्याच्या एक पुढे. सा पाचव्या तारेवर घेतला तरी हेच आकार जसेच्या तसे चालतात.

घोटाळा होतो तो तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत. बाकी सगळ्या शेजारच्या तारांमध्ये पाच फ्रेटचं अंतर आहे, जी आणि बी या दोन तारांमध्ये मात्र चारच. त्यामुळे तिसऱ्या तारेवर सा असेल तर शुद्ध ग दुसऱ्या तारेवर त्याच फ्रेटला मिळतो, मागे जावं लागत नाही, आणि कोमल ग एक फ्रेट मागे. आणि सा चौथ्या किंवा तिसऱ्या तारेवर असेल तर दोन तारा पलीकडचा कोमल नी एक फ्रेट पुढे सरकतो, शुद्ध नी दोन फ्रेट पुढे. पहिले काही दिवस इथे हात चुकणारच. मी तर वहीत तारांच्या सहा रेघा मारून जी आणि बी च्या मध्ये लाल पेनने रेघ ओढून ठेवली होती, बोट ती रेघ ओलांडतंय म्हणजे एक फ्रेट पुढे, एवढं लक्षात ठेवायचं.

हे पाठ करताना एक ते बारा असं क्रमाने जाऊ नका, हात पाठ करतो आणि डोकं झोपतं. बारा सुरांच्या बारा चिठ्ठ्या करा, डब्यात टाका, एक काढा. ई फ्लॅट आला? मानेवर जिथे जिथे ई फ्लॅट आहे तिथून प्रत्येक ठिकाणी शुद्ध ग, मग कोमल ग, मग दोन्ही नी. ते झालं की पुढची चिठ्ठी. मेट्रोनोम ६० वर ठेवा, चार ठोक्यांत एक उत्तर, त्याहून घाई नको.

तिसरं काम: चेंजेस म्हणजे बदलत्या कॉर्ड्स, पण दोनच सुरांत

आता टू-फाइव्ह-वन घेऊ, सी मध्ये: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. फक्त चौथी आणि तिसरी तार वापरायची. डी मायनर सेव्हनचा ग म्हणजे एफ, चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट. त्याचा नी म्हणजे सी, तिसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट. दोन्ही सूर एकत्र वाजवा. आता जी सेव्हन आली, तर एफ जागेवरच ठेवा आणि वरचं बोट पाचव्यावरून चौथ्या फ्रेटला आणा. झाली जी सेव्हन. एफ हलला नाही पण त्याचं काम बदललं, डी चा ग होता तो जी चा नी झाला. मग सी मेजर सेव्हनला वरचा बी तसाच ठेवून खालचं बोट तिसऱ्यावरून दुसऱ्या फ्रेटला. तीन कॉर्ड बदलल्या आणि दर वेळी एकच बोट एकच फ्रेट सरकलं.

हे पहिल्यांदा हाताला कळलं तेव्हा मी अर्धा तास तेवढंच वाजवत बसलो होतो. जॅझमधले चेंजेस इतके एकसंध का वाटतात याचं उत्तर त्या एका फ्रेटच्या सरकण्यात आहे. एका कॉर्डचा नी अर्ध्या सुराने उतरतो आणि पुढच्या कॉर्डचा ग होतो.

मोबाइलवर तीन कॉर्ड्स रेकॉर्ड करून घ्या, प्रत्येकीला एक बार आणि शेवटचीला दोन, आणि त्यावर दर बारला एकच लांब सूर धरा. सी, बी, बी. मग दुसऱ्या फेरीत एफ, एफ, ई. कंटाळवाणं वाटेल, पण बार बदलतो त्या क्षणी सी चा बी होताना नीट ऐका. तो बदल कानाला खेचल्यासारखा वाटायला लागेपर्यंत पुढे जाऊ नका.

चौथं काम: त्या दोन सुरांच्या मधली वाट

मग मधल्या जागा भरायच्या. ही माझी आवडती ओळ, अगदी साधी: पाचव्या तारेवर पाचव्या फ्रेटचा डी, चौथ्या तारेवर तिसऱ्याचा एफ, तिसऱ्या तारेवर दुसऱ्याचा ए आणि पाचव्याचा सी. इथे डी मायनरचा बार संपला. पुढे जी सेव्हनवर तिसऱ्याच तारेवर चौथ्याचा बी, दुसऱ्याचा ए, मग चौथ्या तारेवर पाचव्याचा जी, तिसऱ्याचा एफ, आणि सी मेजरच्या पहिल्या ठोक्याला दुसऱ्या फ्रेटचा ई, तिथेच थांबायचं. एक ठोक्याला एक सूर. पंजा दुसऱ्या ते पाचव्या फ्रेटच्या बाहेर जातच नाही. दोन्ही वेळा बार ओलांडताना अर्धाच सूर उतरतो, सी वरून बी आणि एफ वरून ई, आणि म्हणून मागे कॉर्ड नसली तरी ऐकणाऱ्याला चेंजेस कळतात. ही ओळ वाजवताना सुरांची नावं घेऊ नका, नाती म्हणा: डी वर सा, कोमल ग, प, कोमल नी, मग जी वर शुद्ध ग, रे, सा, कोमल नी, मग सी चा शुद्ध ग. तोंडाने म्हणत म्हणत वाजवा. ज्यांना थाट माहीत आहेत त्यांना हेही दिसेल की डी वरून काफी, जी वरून खमाज आणि सी वरून बिलावल, सूर तेच सात आणि फक्त सा हललाय, आपल्या मूर्च्छनेचीच गोष्ट.

यात थोडा मसाला घालायचा तर ग ला दोन्ही बाजूंनी वेढा घाला. सी मेजरच्या ई वर यायचंय, तर आधी वरचा एफ, मग खालचा डी शार्प, मग ई. बीबॉप या जॅझच्या वेगवान प्रकारातल्या सोलोंमध्ये ही चाल सारखी सापडते. डी शार्प कॉर्डमध्ये नाही, स्केलमध्येही नाही, तरी खटकत नाही कारण ठोक्यावर ई येतोय. म्हणजे मधल्या सुरांत चूक झाली तरी चालतं, बरोबर ठोक्याला बरोबर ग वर पोचलात की झालं.

ठोक्यांसाठी मेट्रोनोम ४० वर लावा आणि त्याचा प्रत्येक आवाज दुसरा आणि चौथा ठोका आहे असं समजून मोजा, म्हणजे खरी लय ८० झाली. सुरुवातीला हमखास सरकतं आणि आवाज पहिल्या ठोक्यावर येऊन बसतो, थांबायचं आणि परत धरायचं. स्विंग, म्हणजे जॅझच्या लयीतला तो झोका, यातूनच येतं, नुसते सूर बरोबर असून भागत नाही.

पाचवं काम: पूर्ण बारा बारचा ब्लूज

आता एफ चा ब्लूज काढा, म्हणजे एफ ला घर धरून बारा बारची ठरलेली कॉर्ड्सची फेरी, जॅझवाल्यांची ही रोजची की. एफ सेव्हनचे ग आणि नी चौथ्या तारेवर सातव्याला आणि तिसऱ्या तारेवर आठव्याला आहेत. बी फ्लॅट सेव्हन आली की तोच आकार एक फ्रेट मागे, सहा आणि सात. सी सेव्हनला एक फ्रेट पुढे, आठ आणि नऊ. बस, तिन्ही कॉर्ड चार फ्रेटच्या आत. फक्त लक्ष असू द्या की भूमिका उलटतात, एफ सेव्हनमध्ये चौथ्या तारेवर ग असतो, बी फ्लॅट आणि सी मध्ये तिथे नी येतो. आकार सरकवणं दोन मिनिटांत जमतं, पण कुठलं बोट आत्ता ग वर आहे हे न थांबता सांगता यायला मला दोन महिने लागले, आणि सोलो सुधारला तो त्यानंतर.

नवव्या बारला जॅझमध्ये बहुतेक वेळा जी मायनर सेव्हन घेतात आणि दहाव्याला सी सेव्हन. चौथ्या तारेवर आठवा फ्रेट धरून ठेवा, तिसऱ्या तारेवर दहाव्यावरून नवव्याला या. ओळखीचं वाटलं ना, टू-फाइव्हची तीच सरक आहे. आणि अकराव्या बारला एफ वर परत येताना दोन्ही बोटं एक एक फ्रेट मागे.

आता सोलो घेताना स्वतःला एकच अट घाला, प्रत्येक बारचा पहिला सूर त्या कॉर्डचा ग किंवा नीच असेल, बाकी तीन ठोके हवं ते. पहिल्या फेरीत फक्त ग, दुसरीत फक्त नी, तिसरीत आलटून पालटून. प्रत्येक फेरी रेकॉर्ड करा, आणि दुसऱ्या दिवशी बॅकिंग बंद करून फक्त स्वतःची गिटार ऐका, कॉर्ड कुठे बदलते ते बोटांवर मोजता येतंय का बघा. येत असेल तर बी फ्लॅटचा ब्लूज घ्या, घर आता सहा-सातवर, एक मागे ई फ्लॅट सेव्हन, एक पुढे एफ सेव्हन.