सर्व्हर चालू करायच्या आधी काय काय हाताशी हवं

स्वतःच्या नावाचं डोमेन घेऊन क्लाउड सर्व्हरवर साईट टाकायचीय ना, मग क्रम सोडू नका, निम्मी डोकेदुखी क्रम चुकल्यानेच होते. आधी कार्ड बघा. बरेच क्लाउडवाले डॉलरमध्ये पैसे कापतात आणि आपल्या कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार बहुतेकदा बंदच असतात, ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करा, लिमिटपण बघा.

डोमेन घेताना पहिल्या वर्षाच्या सेलला भुलू नका, रिन्यूअलला किती लागणार ते विचारा, खरा भाव तोच. ईमेल आयडी त्याच डोमेनवरचा देऊ नका हं, डोमेन संपलं की मेलपण बंद, मग रिन्यू करा म्हणून सांगणारा मेल येणार कुठे! साधं जीमेल द्या, टू-फॅक्टर लावा, ऑटो-रिन्यू चालू ठेवा. डॉट कॉम असेल तर व्हेरिफिकेशनच्या मेलमधली लिंक १५ दिवसांत दाबा, नाहीतर डोमेन सस्पेंड होतं.

सर्व्हरला रीजन, म्हणजे तो ठेवलेली जागा, मुंबई किंवा बेंगळुरू घ्या, उबंटूचं (सर्व्हरवर चालणारी लिनक्स सिस्टीम) एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या सपोर्टचं, व्हर्जन घ्या, साध्या साईटला १ जीबी रॅम पुरते. एसएसएच की (सर्व्हरमध्ये दुरून लॉगिन करायची डिजिटल किल्ली) आधीच बनवून तिचा बॅकअप ठेवा. आणि आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, फिक्स करून घ्या, हे लोक हमखास विसरतात, ॲमेझॉनच्या क्लाउडवर सर्व्हर बंद करून परत चालू केला की पब्लिक आयपी बदलतो, म्हणून इलॅस्टिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, लागतो, फक्त फेब्रुवारी २०२४ पासून तिथे प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ला (जुन्या, नेहमीच्या पद्धतीच्या आयपीला) तासाला अर्धा सेंट पडतो, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन डॉलर, ते बजेटमध्ये धरा. बिलिंग अलर्ट लावलात तर झोप नीट लागेल.

आता डीएनएस, म्हणजे डोमेनचं नाव कुठल्या आयपीवर न्यायचं याची नोंदवही. टीटीएल (नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची ती मुदत) ३०० ठेवा म्हणजे काही चुकलं तर पाच मिनिटांत दुरुस्त होतं. मूळ डोमेनला ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद), डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी नोंद), आणि रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन विकणाऱ्याने, आपणहून टाकलेले पार्किंगचे (रिकाम्या डोमेनवर त्यांचं पान दाखवणारे) रेकॉर्ड उडवा. जुना क्वाड-ए रेकॉर्ड (आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीच्या आयपीची नोंद) राहिला असेल तर तो आधी शोधा, कारण लेट्स एन्क्रिप्ट (साईटच्या https ला लागणारं सर्टिफिकेट फुकट देणारी संस्था) डोमेन तपासताना पहिल्यांदा आयपीव्ही६वरच जातं, आणि तिकडे भलताच सर्व्हर असला की तुम्ही बसा डोकं खाजवत, ब्राउझरमध्ये तर साईट मस्त दिसतेय!

फायरवॉल, म्हणजे नको ती ये-जा अडवणारी भिंत, दोन ठिकाणी असते, क्लाउडच्या पॅनेलमध्ये आणि सर्व्हरच्या आत, ८० आणि ४४३ हे वेबसाईटचे पोर्ट (ये-जा करायची दारं) दोन्हीकडे उघडा. आतली चालू करायच्या आधी २२ला (एसएसएच लॉगिनच्या पोर्टला) परवानगी द्या आणि दुसऱ्या खिडकीत एक लॉगिन उघडं ठेवा, नाहीतर स्वतःच बाहेर.

डोमेन नव्या आयपीवर पोचलंय हे डिग या डीएनएसची नोंद दाखवणाऱ्या कमांडने बघितल्याशिवाय सर्टिफिकेट मागू नका, तासाभरात पाचदा फेल झालं की थांबावं लागतं. सर्टबॉट (सर्टिफिकेट आणणारा प्रोग्रॅम) आधी ड्राय-रन, म्हणजे नुसती चाचणी, करून बघा. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, तेव्हा रिन्यूचाही ड्राय-रन लगेच मारा. मेल सर्व्हर मात्र स्वतः चालवायच्या भानगडीत पडू नका, बऱ्याच ठिकाणी मेल पाठवायचा पोर्ट २५ बंदच असतो.