नंबर नंतर, नाणं आधी : बस्ट हाफ जमवणाऱ्यांनो, या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी व्हॉट्सॲपवर फोटो येतो. तिरका, फ्लॅश मारलेला आणि एकाच बाजूचा. खाली ओळ: "दादा, ही कोणती ओव्हर्टन? रेअर आहे ना?" हे विचारण्याआधी माणसाने नाणं उलटून तरी पाहावं, एवढीच माझी अपेक्षा असते. ती सहसा पुरी होत नाही.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत सुरुवातीच्या काळात साचे बऱ्याच अंशी हातानेच पुरे व्हायचे. लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवीचा, चेहरा आणि गरुड तयार ठशाने उठवायचे, पण तारे, अक्षरं, आकडे एकेक पंच ठोकून बसवायचे. कारागिराचा हात केसभर हलला की तारा सरकला. म्हणून कोणतेही दोन साचे तंतोतंत जुळत नाहीत. दर्शनी साचा आणि मागचा साचा यांची प्रत्येक जोडी म्हणजे एक व्हरायटी. १८०७ ते १८३६ या काळातल्या टोपीवाल्या लिबर्टीच्या अर्ध्या डॉलरला आम्ही बस्ट हाफ म्हणतो. त्याच्या अशा साडेचारशेच्या आसपास जोड्या आहेत. अल ओव्हर्टन यांनी त्या लावून ठेवल्या, म्हणून ओ-१०१, ओ-१०२ असे क्रमांक. दर सालाला मोजणी पुन्हा १०१ पासून सुरू. नुसतं "ओ-१०४ आहे" म्हणणाऱ्याला मी साल विचारतो तेव्हा तो रागावतो.

आता माझी सगळ्यात नावडती चूक: एकच बाजू जुळवून नंबर ठोकून देणं. 'जोडी' हा शब्द ऐकूनही लोक अर्धीच पाहतात. टांकसाळीला पोलाद महाग होतं. मागचा साचा तडकला तर तो बदलायचा आणि दर्शनी साचा चालतोय तोवर चालवायचा. एकाच दर्शनी साच्याला दोन-तीन मागचे साचे भेटलेले असतात, त्यातली एक जोडी ढिगाने मिळते आणि दुसरी दुर्मिळ असते.

हे मला कुणी शिकवलं नाही, मी पैसे मोजून शिकलो. दहा-बारा वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या एका नाण्यांच्या प्रदर्शनात १८२७ चा हाफ हातात आला. त्या एका सालाच्या चाळीसहून जास्त व्हरायटी आहेत, म्हणजे नवशिक्याची हौस फिटण्यासाठी अगदी योग्य साल. मी भिंग काढलं. सालातल्या 2 चा पाया बघितला, तो सरळ होता. वळणदार पायाच्या 2 वर त्या साली दोनच व्हरायटी आहेत, त्या बाद झाल्या. मग तारे. शेवटच्या ताऱ्याचं टोक केसांच्या बटेकडे कुठे रोखलंय ते पाहिलं, आणि फोनमधल्या फोटोशी अगदी मिळालं. तो फोटो आर-५ चा होता, म्हणजे ३१ ते ८० नाणी शिल्लक असलेल्या व्हरायटीचा. छातीत धडधड. विक्रेता मान खाली घालून सँडविच खात होता, त्याला काही कळलेलं दिसत नव्हतं. त्याने साध्या भावाच्या तिप्पट किंमत सांगितली. मी घासाघीससुद्धा केली नाही, त्याला संशय येईल म्हणून.

घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिवा लावला आणि नाणं उलटलं. गरुडाच्या डोक्यावर बोधवाक्याची फीत असते. तिच्यातला 'आय' वरच्या कडेच्या अक्षरांतल्या 'टी'च्या कोणत्या भागाखाली येतो हे पहिल्यांदा बघायचं असतं. फोटोत तो डाव्या बाजूखाली होता, माझ्या नाण्यावर उजव्या. संपलं. तोच दर्शनी साचा, पण मागचा दुसरा. म्हणजे ढिगातली जोडी. सँडविचवाल्याला सगळं कळत होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते नाणं मी विकलं नाही. डब्यात सगळ्यात वर ठेवलंय.

तेव्हापासून मी मागची बाजू आधी बघतो. पद्धत म्हणून नाही, धसका म्हणून. फितीतला 'आय', ढालीच्या उभ्या पट्ट्यांतल्या रेघा, खालच्या '50 C.' मधली अंतरं, हे कागदावर पेन्सिलीने लिहून काढतो आणि मगच यादी उघडतो. यादी आधी उघडली की डोळे आपल्याला हवं तेच बघतात. आता फोटो टाकला की नंबर सांगणाऱ्या सोयी आल्यात म्हणे. वापरा, पण तुमचा नंबर कागदावर लिहून झाल्यावर.

हवं तेच दिसण्याचा कळस म्हणजे सालावर सालाचे भास. १८१७ च्या 7 खाली 4 असलेली व्हरायटी फार दुर्मिळ आहे, हे एकदा वाचलं की प्रत्येक १८१७ च्या 7 खाली लोकांना 4 दिसतो. खाली ओरखडा असतो, नाहीतर नुसती मळाची रेघ. खऱ्या ओव्हरडेटमध्ये, म्हणजे साच्यावरच्या जुन्या आकड्यावरच नवा आकडा ठोकलेला असतो तेव्हा, खालच्या आकड्याचा ओळखू येणारा भाग, ठरावीक जागी, उठून दिसतो. खात्री करायची असेल तर १८१५ चा हाफ बघा: त्या सालचे सगळेच हाफ 5 खाली 2 असलेले आहेत, कारण एकच जोडी वापरली गेली. भिंग दहापटीचं पुरे. तीसपटीच्या भिंगातून तुम्हाला 7 खाली शिवाजी महाराजांची राजमुद्रासुद्धा दिसेल.

काही किरकोळ चुका, पटापट:

नाण्यावर वर उचललेली रेघ म्हणजे साच्याचा तडा, खोल गेलेली म्हणजे ओरखडा. बोट न लावता, दिवा एका बाजूला धरून बघा.

कडेवरची अक्षरं उलटी वाचता येतात म्हणून ती चूक नव्हे. कडेची अक्षरं ठसा मारायच्या आधीच उमटवलेली असायची आणि चकती कशीही पडायची.

दोन बाजूंचे साचे मधे चकती नसताना एकमेकांवर आपटले की पलीकडच्या नक्षीची सावली उमटते. तिला डबल ठसा म्हणू नका.

१७९४-९५ च्या नाण्यांवरचे समांतर माग बघून "कुणीतरी घासलंय" म्हणत नाणं परत करू नका. चकती जड भरली तर टांकसाळीतच कानस मारून वजन उतरवायचे. ठशाच्या दाबाने हे माग सपाट भागात पुसट होतात, उंचवट्यावर आणि कडेपाशी उरतात. नंतरचा ओरखडा सगळं कापत जातो.

मऊ प्लास्टिकच्या पाकिटात हिरवा चिकटपणा सुटतो. तो शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून, न घासता काढा. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही.

आणि घासणं. याबद्दल शांतपणे लिहिणं मला जमत नाही. ओळखीतल्या एका काकांकडे १८३४ चा हाफ होता, राखाडी-निळ्या झाकेचा, झीजही कमी. १८०४ नंतर १८३६ पर्यंत टांकसाळीने चलनासाठी डॉलर पाडलेच नाहीत, तेव्हा बँका गंगाजळी म्हणून हाफच्या थैल्या भरून ठेवत, म्हणून अशी न वापरलेली नाणी अजून मिळतात. काकांना म्हटलं, रविवारी बघायला येतो. रविवारी काकूंनी कौतुकाने वाटीत आणून दिलं. पाडव्याच्या निरांजनाबरोबर रांगोळीने लख्ख घासून! "एवढ्या लांबून येताय, काळं कसं दाखवायचं?" मी चहा प्यायलो, पोहे खाल्ले, आणि किंमत निम्म्याखाली आली हे काकूंना न सांगता निघालो. काकांना गाडीपाशी सांगितलं. झाक म्हणजे मळ नव्हे, ती चांदीची कातडी आहे. रांगोळी, चिंच, टूथपेस्ट, दुकानातलं चमकवायचं डिप, काहीही नको.

आणखी एक प्रश्न दर काही महिन्यांनी येतोच: "माझ्याकडे १८०४ चा डॉलर आहे." नाहीये. त्या सालाचे डॉलर पहिल्यांदा पाडले गेले ते १८३४ मध्ये, मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांना नजराणा म्हणून. जगात पंधरा-सोळाच माहीत आहेत. गंमत म्हणजे नजराणे घेऊन निघालेलं 'पीकॉक' जहाज १८३५ मध्ये मस्कतनंतर डागडुजीसाठी मुंबईला आलं होतं. म्हणजे सयामच्या राजाचा नाण्यांचा संच काही दिवस मुंबई बंदरात होता. हे सांगितल्यावर गेल्या वेळच्या गृहस्थांचे डोळे चमकले: "आमचे पणजोबा गोदीतच होते!" मी म्हटलं, आधी वजन करा, २६.९६ ग्रॅमच्या जवळपास हवं. त्यांच्याकडे काटा नव्हता. मग म्हटलं, फ्रिजवरचा मॅग्नेट आणा.

चिकटलं.