द्विलैंगिक ओळख आर्ट जर्नलच्या पानावर कशी उतरवावी

आपली द्विलैंगिक ओळख (एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींकडे ओढ असणे) आर्ट जर्नलमध्ये, म्हणजे चित्रे आणि लिखाण एकत्र असलेल्या खासगी वहीत, मांडायची म्हटले की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: पहिल्या पानावर द्विलैंगिकांचा ध्वज रंगवा आणि त्याखाली ‘मला माझा अभिमान आहे’ असे सुंदर अक्षरात लिहा. हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. ज्या गोष्टीविषयी आपण अजून स्वतःशीही धड बोललेलो नाही, तिची घोषणा पहिल्याच पानावर केली की पुढची सगळी पाने त्या घोषणेला शोभतील अशी सजवली जातात आणि मनातली ओढ, भीती, हेवा, संभ्रम हे सारे वहीबाहेर राहून जाते. अभिमानाचे पान अवश्य करावे. पण त्याची वेळ आल्यावर.

साहित्याबद्दल फार लिहीत नाही. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाडसर) जलरंगाचा कागद असलेली वही घ्यावी आणि जलरंगाच्या दोन नळ्या घ्याव्यात: क्विनॅक्रिडोन मॅजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी (नळीवर रंगद्रव्याचा क्रमांक पीआर १२२) आणि अल्ट्रामरीन निळा (पीबी २९). नेहमीचा शेंदरी छटेचा लाल निळ्यात मिसळला तर जांभळा न होता मातकट तपकिरी होतो, कारण त्या लालमध्ये पिवळ्याचा अंश असतो. तयार जांभळ्याची नळी घेऊ नये. पुढे येणाऱ्या जाळीच्या पानावर जांभळा आपल्या हाताने तयार होणे महत्त्वाचे आहे.

पहिले काम लिखाणाचे. पेन्सिलीने पंधरा मिनिटे, शुद्धलेखनाची काळजी न करता, मनात येईल ते पानावर लिहावे. मानसशास्त्राचे अभ्यासक जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात ज्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आघातांविषयी, घटना आणि भावना दोन्हींसह लिहिले, त्यांना लिहून झाल्याबरोबर अधिक उदास वाटले होते, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचे आरोग्यकेंद्रात जाणे मात्र कमी झाले. म्हणून लिहिल्यावर मन जड झाले तर काही बिघडले असे समजू नये आणि त्या दिवशी तिथेच थांबावे.

हे लिखाण कोणाच्या नजरेस पडू नये असे वाटत असेल, तर त्यावर पांढऱ्या गेसोचे (रंगकामाआधी पृष्ठभागावर लावायच्या जाड लेपाचे) दोन हात द्यावेत. इथे एक इशारा अगदी मनापासून देते. पर्मनंट मार्करने लिहून वर रंग फासला की काम झाले, असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मार्करची शाई गेसोतून आणि अ‍ॅक्रिलिकमधूनही वर झिरपते. पांढऱ्या थरावर गुलाबीसर अक्षरे उमटतात आणि ती वाचताही येतात. ज्या घरात ही वही सापडणे धोक्याचे आहे, तिथे ही बाब किरकोळ नाही. पेन्सिलच वापरावी, आणि पेन्सिलीनेसुद्धा दुसऱ्या व्यक्तीचे नाव लिहू नये. आपली ओळख उघड करायची की नाही हे जसे आपण ठरवायचे, तसे त्यांच्याविषयी त्यांनी ठरवायचे असते.

आता खरा अवघड टप्पा. मानसोपचारतज्ज्ञ फ्रिट्झ क्लाइन यांनी १९७८ मध्ये लैंगिक कल नोंदवण्याची एक जाळी मांडली. लैंगिकतेचे अभ्यासक आल्फ्रेड किन्सी यांच्या १९४८ च्या मोजपट्टीवर माणसाला शून्य (पूर्णपणे विषमलैंगिक) ते सहा (पूर्णपणे समलैंगिक) यांपैकी एकच आकडा मिळत असे. क्लाइन यांनी मात्र आकर्षण, वर्तन, कल्पनाविश्व, भावनिक जवळीक, सामाजिक ओढ, जीवनशैली आणि स्वतःची ओळख अशा सात ओळी केल्या व प्रत्येकीला भूतकाळ, वर्तमान आणि आदर्श (जसे असावेसे वाटते ते) असे तीन रकाने दिले. म्हणजे एकवीस चौकोन. त्यांच्या जाळीत आकडे भरायचे असतात. आपण रंग भरायचे. नव्या पानावर साधारण तीन सेंटिमीटरचे चौकोन आखावेत, एका लिंगाकडच्या ओढीला मॅजेंटा, दुसऱ्याकडच्या ओढीला निळा असे ठरवावे, आणि प्रत्येक चौकोनासाठी रंग ताटलीत नव्याने मिसळावा. मॅजेंटा आधी घेऊन निळा ब्रशच्या टोकाने थोडा थोडा घालत जावा. ओले चौकोन एकमेकांत उतरू नयेत म्हणून एक सोडून एक चौकोन भरावा. जलरंग वाळल्यावर फिका होतो, त्यामुळे ओला असताना थोडा गडद वाटला तर चालेल. स्त्री-पुरुष या दोन चौकटींबाहेरच्या व्यक्तींविषयीची ओढ दाखवायला पिवळा वापरावा, पण तो जांभळ्यात मिसळू नये, नाहीतर दोन्ही मरतात. चौकोन पूर्ण वाळल्यावर वर पिवळ्या गॉशचा (अपारदर्शक जलरंगाचा) ठिपका द्यावा. ज्या चौकोनाचे उत्तर ठाऊक नाही, तो कोरा ठेवावा.

हे सांगायला सोपे आहे आणि करायला फार कठीण, कारण ब्रश हातात घेतल्यावर माणूस पान ‘नीट दिसावे’ म्हणून धडपडतो. मला वर्तनाच्या ओळीने फार काळ अडवून ठेवले होते. माझी वर्तनाची ओळ जवळजवळ सबंध निळी होती आणि ती तशीच ठेवायला मन तयार होईना. तिथे थोडा मॅजेंटा नसला तर मी द्विलैंगिक असल्याचे कोण मानेल, हाच विचार पुन्हा पुन्हा येई. दीर्घ सहजीवनात असलेल्या कितीतरी जणांना हीच ओळ छळते. तिला हात लावू नका. वर्तन ही सातांतली एक ओळ आहे, आणि तिच्या वरखाली आकर्षणाचे व कल्पनाविश्वाचे चौकोन गडद जांभळे असतील, तर ते त्या निळ्या ओळीमुळे खोटे ठरत नाहीत. आज कोणाचा हात हातात आहे यावरून ओढीची दिशा बदलत नाही.

दुसरी चूक समतोलाची. पान उभे दुभागून अर्धे गुलाबी आणि अर्धे निळे रंगवा, असे सुचवले जाते. हे मला सर्वांत घातक वाटते. द्विलैंगिक असणे म्हणजे निम्मे निम्मे असणे नव्हे. कोणाच्या पानावर मॅजेंटा भरभरून असेल आणि निळा चिमूटभर, तरीही ते पान पूर्ण आहे. मायकेल पेज यांनी १९९८ मध्ये केलेल्या ध्वजातही दोनच भाग नाहीत: वर ४० टक्के मॅजेंटा, खाली ४० टक्के निळा आणि मध्ये २० टक्के जांभळा. हा जांभळा दोन्ही बाजूंत नकळत मिसळून जातो, तसे द्विलैंगिक लोकही समलैंगिक आणि विषमलैंगिक अशा दोन्ही समाजांत न दिसता मिसळून जातात, हा विचार त्यामागे होता. म्हणून जाळीतले जांभळे चौकोन घाईने भरू नयेत. ताटलीतला रंग कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर लावून पाहावा, स्वतःला ‘हाच का?’ असे विचारावे, आणि उत्तर ‘नाही’ आले तर पुन्हा मिसळावा. या एका पानाला संपूर्ण दुपार लागली तरी लागू द्यावी.

जाळी वाळल्यावर वर्तमान आणि आदर्श हे दोन रकाने शेजारी ठेवून पाहावेत. जिथे दोन रंगांत मोठा फरक दिसेल, तिथे खरी भावना दडलेली असते. ती कोणती हे समासात एका ओळीत लिहावे: राग, हळहळ, सुटका, काहीही. ‘सगळे छान आहे’ असे लिहिण्याची सक्ती नाही.

यानंतर चिकटकाम, कात्रणे, सुलेखन, ध्वजाचे पान, सारे आपल्या आवडीने करावे. गेसो किंवा अ‍ॅक्रिलिक लावलेल्या पानांमध्ये बटर पेपर ठेवावा, नाहीतर ती एकमेकांना चिकटतात आणि उघडताना फाटतात.

पानाच्या मागे तारीख घालावी. काही महिन्यांनी रंग बदलले आहेत असे वाटले तर जुन्या चौकोनांवर पुन्हा रंग चढवू नये. नव्या पानावर नवी जाळी आखावी आणि जुनी होती तशी राहू द्यावी. कोणाला दाखवायचेच असेल, तर सबंध वही हाती देऊ नये. जे पान दाखवायचे आहे तेवढ्याच पानाचे छायाचित्र द्यावे.