रुग्णालयातील बर्नआउट: मेंदूतील रसायने समजून घेऊन सावरावे कसे

सलग ड्युट्या करणाऱ्या निवासी डॉक्टरांना, परिचारिकांना आणि वॉर्डातील मामा-मावशींना थकवा नवा नसतो, आणि म्हणूनच साधा थकवा कुठे संपला व बर्नआउट कुठे सुरू झाले हे त्यांच्या लक्षात उशिरा येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिने बर्नआउटला आजारांत न धरता कामाशी निगडित स्थिती मानले आहे आणि कामाच्या ठिकाणचा, नीट हाताळला न गेलेला दीर्घकालीन ताण हे तिचे मूळ सांगितले आहे. हा भेद कागदी वाटला तरी उपायांचा क्रम त्यावरच ठरतो. कामाच्या मांडणीला तोंड देता देता मेंदूतील रसायने महिनोन्‌महिने चढ्या तयारीत राहतात. तेव्हा दुरुस्तीची सुरुवात कामाच्या तासांपासून आणि झोपेपासून करावी, पूरक आहाराच्या डबीपासून करू नये.

प्रथम लक्षणे तपासावीत. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या प्रश्नावलीत तीन गोष्टी पाहिल्या जातात: भावनिक थकवा, रुग्णांविषयी आलेला कोरडेपणा आणि आपल्या हातून काही चांगले घडत नाही ही भावना. यांपैकी कोरडेपणाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण तो स्वतःला दिसत नाही. नातेवाइकाने विचारलेला साधा प्रश्नही कटकट वाटू लागला, रुग्ण दगावल्यावर केवळ ‘आता बेड रिकामा झाला’ एवढेच मनात आले, किंवा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळीही हलके वाटेनासे झाले, तर त्याची नोंद ठेवावी. दोन आठवडे रोज एका ओळीत झोपेचे तास, ड्युटीचे तास आणि चिडचिडीचा प्रसंग लिहिला, तर कोणत्या पाळीनंतर घसरण होते हे बहुधा स्पष्ट दिसते, आणि पुढे इन्चार्ज सिस्टरशी किंवा विभागप्रमुखांशी बोलताना हीच वही उपयोगी पडते.

त्याच वेळी थकव्याची इतर कारणे वगळावीत. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ब-१२ जीवनसत्त्व यांच्या साध्या तपासण्या पुरेशा असतात. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची तपासणी मात्र केवळ बर्नआउट ओळखण्यासाठी करू नये. कॉर्टिसॉल दिवसभर बदलते, जाग आल्यानंतर साधारण अर्ध्या-पाऊण तासात ते शिखर गाठते, ड्युटीची पाळी बदलली की ही लय विस्कटते, आणि बर्नआउट झालेल्यांत कुठे ते वाढलेले, कुठे घटलेले, तर कुठे इतरांइतकेच आढळले आहे. ‘ॲड्रिनल (कॉर्टिसॉल तयार करणाऱ्या ग्रंथी) थकले आहेत’ असे सांगून महागडी पॅकेजे विकणाऱ्यांपासून डॉक्टरांनीसुद्धा सावध राहावे. अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ असे निदान मानत नाहीत. नैराश्य आणि बर्नआउट यांची सरमिसळ होते हे खरे, पण कामापासून दूर गेल्यावरही कशातच रस वाटत नसेल, भूक आणि झोप दोन्ही गेली असतील, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचे वेळापत्रक, सुधारण्याची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

ताणाखाली मेंदूत काय होते हे कळले की काही सवयी बदलणे सोपे जाते. नॉरॲड्रिनालिन आणि डोपामिन ही मेंदूतील निरोप वाहणारी रसायने माफक प्रमाणात असताना कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग उत्तम काम करतो. ती फार वाढली की याच भागातील जाळ्यांची पकड ढिली होते आणि भीती व सवय यांवर चालणारे भाग सूत्रे हाती घेतात. म्हणून थकलेला मनुष्य पाठ असलेली कामे बिनचूक करतो, पण अनपेक्षित वळणावर चुकतो. परीक्षेच्या तयारीत महिनाभर ताणाखाली असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवण्याची क्षमता घटलेली दिसली, आणि ताण कमी झाल्यावर महिन्याभरात ती पूर्ववत झाली. म्हणजे हा बदल भरून येणारा आहे, पण त्याला चार दिवसांची रजा पुरेल असे समजू नये. तोपर्यंत पाळीच्या शेवटच्या तासांत स्मरणशक्तीवर विसंबू नये: इन्सुलिन, हेपरिन किंवा पोटॅशियम क्लोराइडची मात्रा मोठ्याने वाचून दुसऱ्याकडून तपासून घ्यावी आणि हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्ण सोपवतानाची माहिती, तोंडी न देता लिहून द्यावा. उरलेली कामे कागदावर उतरली की घरी गेल्यावर ती डोक्यात घोळत राहण्याचे प्रमाणही कमी होते.

सर्वांत जास्त मेहनत नाईट ड्युटीवर घ्यावी, कारण तिथे थोड्या बदलाने बराच फरक पडतो. आपण जागे असेपर्यंत मेंदूत झोपेची ओढ वाढवणारे ॲडिनोसिन साचत जाते आणि झोपेत त्याचा निचरा होतो. चहा-कॉफीतील कॅफिन त्याची जाणीव रोखते, साठा मात्र तसाच राहतो. कॅफिनचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे पाच तास लागतात, म्हणून सकाळी आठला सुटून नऊला झोपायचे असेल तर शेवटचा चहा रात्री दोनच्या आसपास घ्यावा. पहाटे चारच्या चहाचा मोह मोठा असतो, हे मान्यच आहे. शक्य असेल तिथे आलटूनपालटून वीस मिनिटांची डुलकी घ्यावी. त्याहून लांब झोपेतून उठल्यावर काही वेळ गुंगी राहते, म्हणून उठताच प्रक्रियेला हात लावू नये. सकाळचा प्रखर उजेड मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक दाबतो, तेव्हा घरी पोहोचताच खोली अंधारी करावी आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. सलग सतरा तास जागे राहिल्यानंतरची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना होते तितकी घसरते, असे १९९७ च्या एका प्रयोगात आढळले होते. म्हणून नाईटनंतर स्वतः दुचाकी चालवू नये. रिक्षाचे पैसे या एका खर्चात वाचवू नयेत.

एवढे करूनही रोस्टर तेच राहिले तर थकवा परत येतो, आणि इथे व्यक्तीच्या चिकाटीचे कौतुक करण्यात अर्थ नाही. प्राणायामाचे वर्ग भरवून ड्युटी तेवढीच ठेवणारे प्रशासन प्रश्न टाळत असते. मागणी लेखी करावी आणि तिला आधार द्यावा. केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत कनिष्ठ निवासी डॉक्टरांसाठी सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून अधिक काम नाही, असे म्हटलेले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत कामाचे तास वाजवी असावेत, विश्रांतीला पुरेसा वेळ मिळावा आणि साप्ताहिक सुट्टी द्यावी, अशी तरतूद आहे. आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. ती ४८ पेक्षा बरीच वर आहे, पण अनेक वॉर्डांत तीही पाळली जात नाही. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा मार्डच्या (निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या) किंवा परिचारिका संघटनेच्या प्रतिनिधीला सोबत घ्यावे, आणि ‘ताण फार आहे’ असे मोघम न लिहिता ‘दोन नाईटच्या गटानंतर पूर्ण दिवस ऑफ हवा’ असे नेमके लिहावे.

औषधांबाबत एकच सांगणे आहे: स्वतःला औषध लिहून देऊ नये. अल्प्राझोलाम किंवा झोल्पिडेम रुग्णालयात सहज हाती लागते, आणि झोपेसाठी सुरू झालेली गोळी सवय बनते. उपचार सहकाऱ्याच्या कानावर जाण्याची भीती असेल तर दुसऱ्या रुग्णालयातील तज्ज्ञांकडे जावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क देतो. रात्री-अपरात्री बोलायचे असल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक मराठीतही उपलब्ध आहे. रजा घेतल्यास परतण्यापूर्वीच पहिले दोन आठवडे नाईट लावू नये हे विभागप्रमुखांकडून लेखी ठरवून घ्यावे, आणि त्या काळात तीच एका ओळीची वही पुन्हा लिहावी.